ओमारू आणि स्विफ्ट करंट : दोन गावांची घड्याळे आणि मुलुंडचे घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमचे यजमान मुलुंडला राहता. थोरली लेक न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओमारू या गावात परिचारिका आहे आणि धाकटा मुलगा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, स्विफ्ट करंट येथे, शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो. तिन्ही घरांनी एकत्र बोलायचे म्हटले की कोणाची तरी झोपमोड होते, सणाची तारीख कोणत्या घड्याळाने धरायची हे कळत नाही आणि पुढच्या वर्षी दोन्हीकडे राहायला जायचे तर केव्हा जावे हेही ठरत नाही. या दोन गावांची वेळ आणि तिथले रोजचे जगणे यांची तुलना करून सांगावी, अशी तुमची इच्छा आहे.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका नौवहन कार्यालयात जहाजांची वेळापत्रके सांभाळण्याचे काम अनेक वर्षे केले. जहाज एका कालविभागात, माल दुसऱ्यात, बंदरातला एजंट तिसऱ्यात आणि आम्ही मुंबईत, ही आमची नित्याची स्थिती असे. त्या कामात एक गोष्ट मनावर पक्की ठसली. दोन ठिकाणांमधला तासांचा फरक कोणीही दोन मिनिटांत काढून देतो. पण त्या तासाला तिथला माणूस काय करत असतो, बाहेर उजेड असतो की अंधार, दुकान उघडे असते की बंद, हे ठाऊक नसेल तर तो फरक फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून आकडे आधी देतो, पण उत्तराचा मोठा भाग त्या गावांच्या दिवसाविषयी आहे.

मुंबईचे घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे चालते. ओमारूचे घड्याळ तिथल्या हिवाळ्यात ग्रिनिचच्या १२ तास आणि उन्हाळ्यात १३ तास पुढे असते, तर स्विफ्ट करंटचे बाराही महिने ग्रिनिचच्या ६ तास मागे असते. म्हणजे लेकीकडे मुंबईपेक्षा साडेसहा किंवा साडेसात तास पुढची वेळ आहे आणि मुलाकडे साडेअकरा तास मागची. त्या दोघांमध्ये १८ किंवा १९ तासांचे अंतर पडते, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे, कारण एवढ्या अंतरात बहुतेक वेळा तारीखच बदललेली असते. मुलाची वेळ तोंडी काढायची असेल तर मुंबईच्या वेळेत अर्धा तास मिळवावा आणि सकाळची संध्याकाळ करावी : मुलुंडला रविवारी सकाळचे ७ वाजले असतील तर त्याच्याकडे शनिवारी संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. दिवसाचे नाव एक पाऊल मागे जाते हे विसरू नये, कारण घरोघरी गोंधळ होतो तो तासांपेक्षा वाराचाच.

न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे नेतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे ३ वाजता ते पुन्हा मागे आणतात. हे दोन्ही क्षण मुंबईच्या हिशेबाने शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता येतात. तेव्हा त्या शनिवारी दिवेलागणीनंतर लेकीची वेळ बदलली असे धरून चालावे. स्विफ्ट करंटला मात्र घड्याळाला वर्षभर कोणी हात लावत नाही. तुमच्या कुटुंबाच्या वेळापत्रकात वर्षातून दोनच तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, आणि त्या दोन्ही न्यूझीलंडच्या आहेत.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे, कारण ही चूक फार सर्रास होते. फोनमध्ये किंवा संगणकावर मुलाची वेळ लावताना लोक 'सेंट्रल टाइम' असे वाचून शिकागो किंवा विनिपेग निवडतात. ही शहरे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे ठेवतात, म्हणून वर्षातले जवळजवळ आठ महिने तुमचा हिशेब तासाभराने चुकेल. यादीत रेजायना हे नाव निवडावे. ते सस्कॅचेवानच्या राजधानीचे शहर आहे. संगणकाच्या आतील कालविभागांच्या यादीत तर स्विफ्ट करंटची स्वतंत्र नोंद आहे, कारण हे गाव आजच्या वेळेवर रेजायनापेक्षा उशिरा, १९७२ मध्ये, कायमचे आले. ओमारूसाठी ऑकलंड निवडले की काम होते.

आता सूर्याकडे वळू, कारण घड्याळ आणि सूर्य यांचे नाते तिन्ही गावांत वेगळे आहे आणि माणसांच्या सवयी त्यावरच बेतलेल्या असतात. आपण मुंबईकरांना हे नाते नवे नाही. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरली, तेव्हा या शहराने तिला जोरदार विरोध केला आणि मुंबईची जुनी वेळ इथे १९५५ पर्यंत टिकून राहिली. त्या विरोधामागे राजकारण होते, पण एक साधी वस्तुस्थितीही होती : सूर्य मुंबईच्या माथ्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी.

हाच हिशेब स्विफ्ट करंटला लावला तर तिथे सूर्य मध्यावर येतो दुपारी एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. ते गाव १०८ अंश पश्चिम रेखांशाच्या जवळ आहे, म्हणजे भूगोलाप्रमाणे ते एक विभाग पश्चिमेला, शेजारच्या आल्बर्टा प्रांताच्या वेळेत, असायला हवे होते. १९६६ च्या कायद्याने सस्कॅचेवानने पूर्वेकडची वेळ घेतली आणि ती वर्षभर तशीच ठेवली; परिणामी तिथले लोक कायमच उन्हाळी वेळेवर जगत आहेत असे म्हणता येईल. २१ जूनला तिथे पहाटे पाचला सूर्य उगवतो आणि रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. २१ डिसेंबरला तोच सूर्य सकाळी नऊनंतर उगवून संध्याकाळी पाच-सव्वापाचला दिसेनासा होतो. मुलगा डिसेंबरात सकाळी आठला कामावर पोहोचतो तेव्हा बाहेर अजून अंधार असतो, आणि त्या वेळी तुम्ही मुलुंडला संध्याकाळचे साडेसात झाले म्हणून देवापाशी दिवा लावून बसलेल्या असता.

ओमारूला हिवाळी वेळेत सूर्य साडेबारा-पावणेएकला मध्यावर येतो, जवळजवळ मुंबईसारखाच; उन्हाळी वेळेत तोच क्षण दीड-पावणेदोनवर जातो. तिथला सर्वांत मोठा दिवस २१-२२ डिसेंबरचा : सूर्योदय पावणेसहाला, सूर्यास्त रात्री नऊ-सव्वानऊच्या पुढे. जूनमध्ये मात्र सकाळी सव्वाआठपर्यंत सूर्य वर येत नाही आणि पाचला मावळतो. मुंबईत वर्षभरात सूर्यास्त सहा ते सव्वासात यांच्यामध्ये फिरतो, त्यामुळे 'संध्याकाळ' म्हटले की आपल्या मनात एक ठरावीक वेळ येते. तुमच्या दोन्ही मुलांच्या गावी तसे काही ठरावीक राहत नाही, आणि दोघांचे ऋतू एकमेकांच्या उलट असल्याने एकाचा उजेड वाढतो तेव्हा दुसऱ्याचा कमी होत असतो.

न्यूझीलंडच्या वेळेचा इतिहासही तुम्हाला आवडेल असा आहे. संपूर्ण देशासाठी एकच प्रमाणवेळ कायद्याने लागू करणारा हा पहिला देश : २ नोव्हेंबर १८६८ रोजी त्याने ग्रिनिचपेक्षा साडेअकरा तास पुढची वेळ स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळ अर्धा तास पुढे नेले गेले आणि १९४६ पासून १२ तासांचा फरक कायम झाला. उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवावे ही कल्पनाही १८९५ मध्ये वेलिंग्टनच्या जॉर्ज हडसन यांनी मांडली होती. ते टपाल खात्यात नोकरी करत आणि कामानंतरच्या वेळात कीटक गोळा करत. संध्याकाळचा उजेड वाढला तर त्यासाठी अधिक वेळ मिळेल, हा त्यांचा विचार होता. तुमच्या लेकीला आज उन्हाळ्यात ड्यूटी संपवूनही समुद्रकाठी फिरायला जो उजेड मिळतो, त्याच्या मुळाशी ही इच्छा आहे.

ओमारू हे सुमारे १४ हजार वस्तीचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या इमारती गावाजवळच सापडणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडात, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या आहेत. आमच्या फोर्टमध्ये वावरलेल्या माणसाला त्या खांबांच्या आणि कमानींच्या दर्शनी भागांची ओळख लगेच पटते, फक्त दगड पांढरा आणि रस्ता रिकामा. धान्य आणि लोकर यांच्या व्यापारावर हे बंदर मोठे झाले. १८८२ मध्ये न्यूझीलंडहून इंग्लंडला गोठवलेल्या मांसाचा पहिला यशस्वी माल गेला, तो गावाजवळच्या टोटारा इस्टेट या शेतावर तयार झाला होता. मोठी जहाजे आता ओमारूला येत नाहीत, ती उत्तरेला टिमारूला लागतात, आणि तिथल्याच कामाच्या निमित्ताने मी हे गाव पाहिले.

तिथला दिवस लवकर सुरू होतो आणि लवकर आवरतो. लहान दुकाने संध्याकाळी पाचला बंद होतात, कॉफीची दुकाने त्याहीआधी तीन-साडेतीनला खुर्च्या उचलायला लागतात, आणि सहाच्या सुमारास घरोघरी रात्रीचे जेवण सुरू असते. रात्री नऊ वाजता वाण्याकडून कोथिंबीर आणण्याची आपली सवय तिथे विसरावी लागते. सुपरमार्केट थोडे उशिरापर्यंत उघडे असते, पण बाकी रस्ता शांत होतो. अंधार पडल्यावर गावात गर्दी दिसते ती एकाच ठिकाणी, बंदराच्या टोकाला, जिथे निळे पेंग्विन समुद्रातून परत येतात. जगातली ही सर्वांत लहान पेंग्विन जात. पक्षी जेमतेम फूटभर उंचीचा. दिवसभर समुद्रात मासे पकडून ते संधिप्रकाशात थव्याथव्याने किनाऱ्याला लागतात, दगडांवर थोडा वेळ थबकतात, पंख झटकतात, आणि एकाने पाऊल उचलले की सगळे मिळून उतारावरून घाईघाईने आपापल्या बिळांकडे निघतात. त्यांची येण्याची वेळ सूर्यास्तावर ठरते, म्हणून जूनमध्ये लोक साडेपाचलाच तिथे जमतात आणि डिसेंबरात नऊ-साडेनऊपर्यंत थांबतात. घड्याळ कायद्याने पुढे गेले तरी पेंग्विनांना त्याचे काही नसते. माणसांनाच आपली जेवणे मागेपुढे करावी लागतात.

स्विफ्ट करंटचे जगणे याहून अगदी निराळे आहे. वस्ती सुमारे १७ हजार, समुद्र हजार किलोमीटरच्याही पलीकडे, चहूकडे सपाट माळरान आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. कॅनडाचा पूर्व-पश्चिम महामार्ग आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे (२०२३ पासून कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी) या गावातून जातात. गहू, ड्युरम हा कडक जातीचा गहू, वाटाणा आणि मसूर ही इथली पिके. सस्कॅचेवान हा मसूर निर्यात करणारा जगातला फार मोठा प्रदेश आहे आणि भारत त्याचा जुना ग्राहक आहे. तुमच्या घरी शिजणारी मसूर डाळ तुमच्या मुलाने दुरुस्त केलेल्या यंत्राने कापलेली असू शकते. सस्कॅचेवानचे धान्य रेल्वेने व्हँकुव्हर किंवा प्रिन्स रूपर्ट बंदराला जाते आणि तिथून जहाजात चढते, म्हणून आमच्या कार्यालयाचे लक्ष त्या माळरानावरच्या हवेकडे नेहमीच असायचे. थंडीने रेल्वे रखडली की हजारो मैलांवर आमचे जहाज नांगरावर ताटकळत असे.

या गावाला एक मोठा मान आहे, जो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. १९४६ मध्ये स्विफ्ट करंटच्या आरोग्य विभागाने परिसरातील सर्व रहिवाशांसाठी रुग्णालय आणि डॉक्टर या दोन्हींची सार्वजनिक विमा योजना सुरू केली. उत्तर अमेरिकेतली अशी ती पहिली योजना. पुढे १९६२ मध्ये सस्कॅचेवानने प्रांतभर डॉक्टरी उपचारांची योजना आणली आणि नंतर साऱ्या देशाने तोच मार्ग धरला. दुष्काळ आणि मंदी सोसलेल्या शेतकऱ्यांनी आपसात पैसे आणि माणसे उभी करून हे घडवले, आणि त्या गावच्या माणसांमध्ये एकमेकांसाठी धावून जाण्याची वृत्ती अजूनही दिसते. बर्फात गाडी अडकली तर अनोळखी माणूस आपली गाडी थांबवल्याशिवाय पुढे जात नाही.

थंडीचे वर्णन तुम्ही मुलाकडून ऐकलेच असेल. कडाक्याच्या दिवसांत तापमान उणे ३० अंशांपर्यंत जाते. तिथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेच्या वायरची एक छोटी पिन बाहेर लोंबत असते; रात्री ती भिंतीवरच्या सॉकेटला जोडून ठेवतात, म्हणजे इंजिन गरम राहते आणि सकाळी गाडी सुरू होते. 'निघालो' असे सांगून मुलगा पंधरा मिनिटांनी निघतो तो आळसामुळे नव्हे. कोट, बूट, टोपी, हातमोजे चढवणे, काचेवरचा बर्फ खरवडणे आणि वायर सोडवणे यात तेवढा वेळ जातोच. उन्हाळ्यात हेच गाव २५-३० अंशांच्या कोरड्या उन्हात असते आणि रात्री दहापर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो. मे महिन्यात पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी. कापणीच्या दिवसांत पाऊस येण्यापूर्वी पीक घरात यावे म्हणून शेतावरची कंबाईन यंत्रे दिवे लावून रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि यंत्र बंद पडले की मुलाचा फोन वाजतो. त्या सहा-आठ आठवड्यांत तो ठरल्या वेळी फोनवर आला नाही तर मनाला लावून घेऊ नये.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. तिन्ही घरे जागी आणि मोकळी असतील अशी वेळ मुंबईच्या पहाटे पाचपासून सकाळी साडेनऊपर्यंतच आहे, त्याबाहेर नाही. तुम्ही आजवर रात्री आठला फोन लावत आलात. तेव्हा मुलाकडे सकाळचे साडेआठ असतात, पण लेकीकडे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन. दुपारी बाराला लावला तर लेक रात्रीच्या जेवणाला बसलेली किंवा नुकती जेवून उठलेली असते आणि मुलाकडे मध्यरात्र उलटलेली असते. माझ्या मते रविवारी सकाळी ७ ही तुमची कायमची वेळ असावी. तेव्हा ओमारूला रविवारी दुपारचा दीड किंवा अडीच वाजलेला असेल आणि स्विफ्ट करंटला शनिवारची संध्याकाळ साडेसात. तिघांच्याही सुट्टीचा तो एकमेव भरवशाचा मेळ आहे, कारण सोमवारी सकाळी लेकीचा आठवडा सुरू झालेला असतो. शनिवारची सकाळही चालेल, फक्त मुलाकडे ती कामाच्या आठवड्याच्या शेवटची, शुक्रवारची संध्याकाळ असते आणि तो थकलेला असतो.

एक अडचण मात्र उरते. लेक रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करत असणार, आणि परिचारिकेला रविवार हक्काचा नसतो. सकाळची पाळी असेल तर रविवारी दीड वाजता ती वॉर्डातच असेल. दुपारची असेल तर निघायच्या तयारीत. रात्रपाळी करून आली असेल तर गाढ झोपेत. म्हणून तिचे ड्यूटीचे वेळापत्रक हाती आले की ते तिने तुम्हाला पाठवावे आणि तुम्ही ते कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलने उतरवून घ्यावे. ज्या रविवारी तिला जमणार नाही तो आधीच ठाऊक असेल तर कोणी कोणाची वाट पाहत बसत नाही. निरोप लिहिताना 'उद्या सकाळी' असे शब्द तुमच्या घराने कायमचे टाळावेत. 'रविवार ७ तारीख, मुंबईचे सकाळी ७' एवढे लिहावे. आमच्या कार्यालयात गावाचे नाव नसलेली वेळ कोणी लिहिली तर तो संदेश परत पाठवला जात असे, आणि तो नियम घरातही लागू करण्याजोगा आहे.

वाढदिवसाचा हिशेबही यातूनच निघतो. लेकीचा वाढदिवस तिच्या गावी सुरू होतो तेव्हा मुंबईत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेचार किंवा साडेपाच असतात, आणि मुलाचा सुरू होतो तेव्हा मुंबईत त्याच दिवशी सकाळचे साडेअकरा. एकच तारीख ओमारूला उगवल्यापासून स्विफ्ट करंटला मावळेपर्यंत ४२ ते ४३ तास चालते, त्यामुळे शुभेच्छा उशिरा पोहोचल्या असे तुमच्या घरात सहसा होणार नाही.

सणांचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण यात मुंबईचे पंचांग दोन्ही मुलांना फोनवरून सांगितले जाते आणि तिथेच चूक होते. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले कोनीय अंतर. ते दर १२ अंशांनी वाढले की नवी तिथी लागते. हा क्षण साऱ्या जगात एकच असतो. पण त्या तिथीचे व्रत कोणत्या दिवशी करायचे हे पाहणाऱ्याच्या गावच्या सूर्योदयावर, माध्यान्हावर, प्रदोषकाळावर किंवा चंद्रोदयावर ठरते, आणि ते गावोगाव बदलते. समजा एखादी एकादशी मुंबईत मंगळवारी दुपारी ३ वाजता लागली आणि बुधवारी दुपारी ४ वाजता संपली. मुंबईत बुधवारच्या सूर्योदयाला ती आहे, म्हणून उपवास बुधवारी. स्विफ्ट करंटला तीच तिथी मंगळवारी पहाटे साडेतीनला लागून बुधवारी पहाटे साडेचारला संपते. सूर्योदय तिला मंगळवारचाच सापडतो, म्हणून तिथे एकादशी मंगळवारची. ओमारूला उन्हाळी वेळेने ती मंगळवारी रात्री साडेदहाला लागेल आणि बुधवारी रात्री साडेअकराला संपेल, म्हणजे तिथे बुधवार. मुलाने एक दिवस आधी उपवास केला तर तो चुकला नाही. त्याच्या गावचे पंचांग तेच सांगते.

संकष्टीला तर मुंबईचा चंद्रोदय सांगून मुलांना उपाशी ठेवणे किंवा आधीच जेवायला लावणे, दोन्ही बरोबर नाही. दोन्ही गावांत उन्हाळ्यात सूर्यच नऊ-सव्वानऊला मावळतो, त्यामुळे चतुर्थीचा चंद्र रात्री फार उशिरा, कधी मध्यरात्रीच्या आसपास, वर येतो. गावाचे नाव घालून चंद्रोदय आणि तिथी दाखवणारी पंचांगे आज फोनवर सहज मिळतात. दोघांनी आपापले गाव घालून ठेवावे.

दिवाळीत मुलुंडला संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन होते तेव्हा लेकीकडे मध्यरात्रीनंतरचे दोन आणि मुलाकडे सकाळचे सात वाजलेले असतात. तिने आपल्या गावच्या सूर्यास्तानंतर, म्हणजे त्या दिवसांत रात्री आठ-साडेआठनंतर, पूजा करावी, आणि तेव्हा मुंबईत दुपारचा एक वाजत असल्याने तुम्ही ती आरामात पाहू शकता. गणपतीत मात्र सकाळची आरती तुमच्या कुटुंबाला सोयीची आहे : मुलुंडला सकाळी आठला आरती केलीत तर मुलगा रात्री साडेआठला जेवण उरकून बसलेला असेल, आणि रविवार असेल तर लेकही दुपारी अडीचला येऊ शकेल. न्यूझीलंडचे घड्याळ गणपती आणि दसरा यांच्या आसपास पुढे सरकते, म्हणून आरतीला जमलेली वेळ घटस्थापनेलाही जमेल असे गृहीत धरू नये.

राहिला प्रवास. ओमारूला नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जावे. दिवाळी मुंबईत करून निघता येते, तिथला उन्हाळा वीस अंशांच्या आसपासचा आणि वाऱ्याचा असल्याने अंगावर स्वेटर लागतोच, पण दिवस मोठे मिळतात. ऊन सौम्य वाटले तरी त्यातले अतिनील किरण तीव्र असतात, तेव्हा टोपी आणि क्रीम विसरू नये. जूनमध्ये जाऊ नये. तिथली जुनी घरे आतून बरीच थंड असतात आणि पाचला अंधार पडल्यावर तुम्हाला करण्यासारखे काही उरणार नाही. स्विफ्ट करंटला जून आणि जुलै हेच महिने योग्य. पेरणी झालेली असते, कापणी सुरू व्हायची असते, म्हणून मुलाला तुमच्यासाठी थोडा वेळ असेल, आणि माळावर पसरलेली पिवळी-निळी फुले (मोहरीवर्गातली कनोला आणि जवस) तुम्हाला जुलैत पाहायला मिळतील.

दोन्ही गावे एकाच फेरीत जोडावीत का, असे तुमच्या यजमानांनी विचारले आहे. कागदावर ते आकर्षक दिसते. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेले विमान प्रशांत महासागर ओलांडून त्याच तारखेला, निघाल्याच्या वेळेआधीच, कॅनडात उतरते, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पण दोघांचे योग्य महिने एकमेकांच्या उलट आहेत, आणि शरीराचे घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीनेच सावरते. मुंबईहून ओमारूला गेल्यावर आठवडाभरात झोप बसेल. मुंबईहून स्विफ्ट करंटला दहा-बारा दिवस लागतील, कारण तिथे दिवसाची रात्र झालेली असते. वयाच्या सत्तरीत हे दोन धक्के लागोपाठ देऊ नयेत. दोन स्वतंत्र फेऱ्या करा आणि मध्ये निदान दोन-तीन महिने मुलुंडला राहा.

यजमानांना रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या असल्याचे तुम्ही लिहिले आहे. विमानात आणि पहिल्या आठवड्यात त्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या हे तिकीट काढल्यावर लगेच तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इन्सुलिन असेल तर हे अत्यावश्यक आहे. त्यांनी सांगितलेल्या वेळा एका कागदावर तीन रकान्यांत लिहाव्यात : मुंबईची वेळ, विमान जिथे बदलायचे त्या शहराची वेळ आणि मुक्कामाच्या गावची वेळ. तो कागद यजमानांच्या शर्टाच्या खिशात ठेवा, सामानात नको, आणि त्याची एक प्रत निघण्यापूर्वी दोन्ही मुलांना पाठवा.